म्हाताऱ्या ताऱ्यांचं घरदार



साहित्याच्या व्यासपीठावर उभं राहून आकाशाविषयी बोलायचं म्हटल्यावर मनात थोडी धाकधूक असते. मी काही साहित्यिक नव्हे. निपाणी भागातल्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता केस पांढरे झालेला एक मास्तर. पण ज्या भाषेत कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा लिहिल्या, आणि ज्या भाषेच्या ९४ व्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद २०२१ मध्ये एका खगोलशास्त्रज्ञाला मिळालं, त्या भाषेत तारे हा परका विषय नाही, एवढा आधार मला पुरेसा आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. आजचं हे बोलणं मी त्यांच्या स्मृतीला अर्पण करतो.

विषय मात्र माझ्या आज्जाने दिलेला आहे.

लहानपणी शाळूच्या मळणीच्या दिवसांत आम्ही खळ्यावर राखणीला झोपायचो. आज्जा घोंगड्यावर उताणा पडून बोटाने दाखवायचा. "ते बघ, तांबडी रोहिणी. ती जोडी बघ, ते पुनर्वसू." त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सत्तावीस नक्षत्रं पाठ होती, कारण त्यांच्यावर त्याची शेती चालत होती. रोहिणीत धूळवाफेवर भात पेरायचं, मृगाची वाट बघायची, आर्द्रा धरली की निर्धास्त व्हायचं. पुढे पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा पाऊस. मी एकदा विचारलं, "आज्जा, पावसाला तरणा-म्हातारा म्हणता, मग तारे म्हातारे होतात का?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "होत असतील. पण त्यांच्या घरचं कोण बघत असंल?"

त्याने ते सहज म्हटलं असेल. माझ्या डोक्यात ते राहून गेलं. आज साठ वर्षांनी या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी मिळालेलं आहे. ताऱ्यांना घरदार असतं, म्हणजे ग्रह असतात. तारे म्हातारे होतात. आणि घरातला कर्ता म्हातारा झाला की भोवतीच्यांचं काय होतं, हेही आता मोजता येतं. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

तारा म्हातारा होतो म्हणजे काय

आपला सूर्य आज मध्यम वयाचा आहे. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होत असतं, त्यातून निघणाऱ्या ऊर्जेवर तो तगून आहे. हा साठा अजून सुमारे पाच अब्ज वर्षं पुरेल. गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, तापतो, आणि त्याच्या भोवतीच्या थरात हायड्रोजन जळू लागतो. मग एक उलटी गोष्ट घडते. आतून आकसणारा तारा बाहेरून फुगतो. पृष्ठभाग पसरल्यामुळे थंड होतो, पिवळ्याचा नारिंगी-तांबडा दिसू लागतो. याला तांबडा राक्षसी तारा म्हणतात. मला 'राक्षसी' हा शब्द पटत नाही. त्याची भूक वाढलेली नसते, त्याचं पोट सुटलेलं असतं, इतकंच.

हे तारे बघायला दुर्बीण लागत नाही. आज कार्यक्रम संपला की बाहेर पडून वर बघा. पौषातल्या रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. त्याच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला वाढवली तर लखलखीत व्याध लागतो. तीच रेघ दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी. ती आपल्यापासून ६५ प्रकाशवर्षं दूर आहे आणि सूर्याच्या सुमारे ४४ पट रुंद आहे. आता मृगाच्या पायाशी असलेल्या राजन्यापासून खांद्यावरच्या तांबड्या काक्षीकडे रेघ काढा आणि तशीच पुढे न्या. ती मिथुनेतल्या दोन ताऱ्यांच्या दिशेने जाते. हेच आज्जाचे पुनर्वसू. दोघांत जो थोडा अधिक तेजस्वी आणि पिवळसर-नारिंगी आहे त्याला पाश्चात्त्य लोक पोलक्स म्हणतात. तो फक्त ३४ प्रकाशवर्षांवर आहे, सूर्याच्या नऊ पट रुंद आहे, आणि उतारवयाला लागलेला आहे.

गंमत बघा. ज्याच्या नावाने आपल्याकडे तरणा पाऊस पडतो, तो तारा स्वतः म्हातारा आहे.

शिट्टीवरून गाडी ओळखणं

या पुनर्वसूला ग्रह आहे, असं २००६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी जाहीर केलं. तो किमान गुरूच्या सव्वादोन पट वजनाचा आणि सुमारे ५९० दिवसांत एक फेरी पुरी करणारा. पुढे त्याला थेस्टियास हे नावही मिळालं.

हा ग्रह कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मग कळला कसा? बेळगावच्या स्टेशनवर उभं राहिलं की जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की ती उतरते. प्रकाशाचंही तसंच असतं. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेघा निळ्याकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्याकडे. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे दोघेही एकमेकांभोवती फिरतात. लहान मुलाला हात धरून गरगरा फिरवताना बापालाही थोडं मागे रेलावं लागतं ना, तसं. ताऱ्याचं ते रेलणं मोजायचं. पृथ्वीमुळे सूर्य सेकंदाला जेमतेम नऊ सेंटिमीटर डुलतो. पुनर्वसूचं डुलणं सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस मीटर, म्हणजे एखाद्या वेगवान एक्सप्रेस गाडीएवढं. ३४ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याची चाल आगगाडीच्या मापात मोजायची, हे माणसाच्या चिकाटीचं काम आहे.

अशा राक्षसी ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून सापडला. कालेय तारकासमूहातल्या आयोटा ड्रेकोनिस या ताऱ्याचा. त्याची कक्षा फार लांबट आहे आणि फेरी ५११ दिवसांची.

तुम्ही विचाराल, म्हाताऱ्या ताऱ्यांच्या मागे एवढं का लागायचं? त्याचं कारण मोठं लोभस आहे. सूर्यापेक्षा दीड-दोन पट वजनाचे तारे तरुणपणी फार तापलेले असतात आणि भोवऱ्यासारखे गरगरत असतात. त्यांच्या प्रकाशातल्या रेघा थोड्या असतात, आणि ज्या असतात त्या गरगरण्यामुळे पसरट होऊन जातात. त्यामुळे डुलणं मोजता येत नाही. हेच तारे म्हातारे झाले की थंड होतात, सावकाश फिरू लागतात, रेघा बारीक आणि भरपूर होतात. मग त्यांचं घरदार कळू शकतं. अमेरिकेतल्या जॉन जॉन्सन या शास्त्रज्ञाच्या गटाने अशा ताऱ्यांवर शोधनिबंधांची मालिकाच काढली आणि तिला नाव दिलं 'निवृत्त ताऱ्यांचे सोबती' अशा अर्थाचं. या सभागृहात आपण बरेच निवृत्त बसलो आहोत. नोकरीच्या धावपळीत ज्याची चौकशी कुणाला करता आली नाही, त्याच्या घरची माणसं तो निवृत्त झाल्यावर कळतात. आकाशातही तसंच आहे.

आपल्या देशातही हे काम चालतं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची दुर्बीण अबूच्या पहाडावर गुरुशिखरला आहे. तिला 'पारस' नावाचा वर्णपटमापक जोडलेला आहे. डिसेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात, म्हणजे आपण सारे तोंडाला फडकी बांधून होतो त्या दिवसांत, तिथल्या मंडळींनी एका उतारवयाकडे झुकलेल्या ताऱ्याचे वेध घेतले. तारा ७२५ प्रकाशवर्षांवरचा, सूर्याच्या दीडपट वजनाचा. त्याच्याभोवती त्यांना एक ग्रह सापडला. वजन गुरूच्या ७० टक्के, आकार मात्र गुरूच्या १.४ पट. फेरी अवघ्या ३.२ दिवसांची. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातल्या अंतराच्या विसाव्या हिश्श्यावर तो फिरतो, चुलीला पाठ लावून बसल्यासारखा. म्हणून तापून फुगलेला आहे. घरातला कर्ता फुगू लागलेला, आणि हे पोर त्याच्या अगदी पुढ्यात. याचं पुढे काय होणार, हाच आजचा खरा प्रश्न.

आत ओढणारं बळ, बाहेर सोडणारं बळ

तारा फुगू लागला की ग्रहावर दोन गोष्टी काम करू लागतात, आणि त्यांची दिशा एकमेकींच्या उलट असते.

पहिली भरतीची. चंद्रामुळे आपल्या समुद्राला भरती येते, तशी ग्रहामुळे ताऱ्याच्या अंगालाही येते. ताऱ्यावर एक फुगवटा उठतो. म्हातारा तारा स्वतःभोवती फार हळू फिरतो आणि जवळचा ग्रह त्याच्याभोवती भरभर, म्हणून तो फुगवटा ग्रहाच्या मागे पडतो. मागे राहिलेला फुगवटा ग्रहाला मागे खेचतो. ग्रहाची चाल खाल्ली जाते आणि तो थोडा थोडा आत घसरतो. जसा घसरतो तशी ओढ वाढते. तारा जितका फुगलेला तितकी ही ओढ झपाट्याने वाढत जाते. शेवटी ग्रह ताऱ्याच्या पोटात जातो.

दुसरी गोष्ट वजन घटण्याची. राक्षसी ताऱ्याचे बाहेरचे थर सैल झालेले असतात. ते वाऱ्यासारखे अवकाशात निघून जातात. ताऱ्याचं वजन घटलं की त्याची पकड सैल होते आणि ग्रहाची कक्षा रुंदावते. हिशोब सोपा आहे. ताऱ्याचं वजन हळूहळू निम्म्यावर आलं तर ग्रहाचं अंतर दुप्पट होतं.

एक बळ आत ओढतं, दुसरं बाहेर सोडतं. कोण जिंकणार हे ग्रह मुळात किती अंतरावर आहे यावर ठरतं. जवळचे जातात, दूरचे राहतात.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेस या अंतराळ दुर्बिणीने पाहिलेल्या साडेचार लाखांहून अधिक उतारवयाच्या ताऱ्यांची शिरगणती झाली. जे नुकतेच उताराला लागलेत, त्यांच्यात जवळचे मोठे ग्रह सुमारे ०.३५ टक्के ताऱ्यांपाशी आढळले. जे पुरते फुगलेत, त्यांच्यात हा आकडा ०.११ टक्क्यांवर आला. म्हणजे तीन घरांतली दोन मोडली.

एक घर मोडताना तर माणसाने प्रत्यक्ष पाहिलं, आणि त्या गोष्टीचा एक धागा आपल्या दाराशी येतो. कॅलिफोर्नियात पालोमारच्या डोंगरावर झ्विकी नावाची आकाशपाहणी चालते. सारं उत्तर आकाश दर दोन-तीन रात्रींनी नजरेखालून घालायचं आणि काय बदललं ते टिपायचं, हे तिचं काम. ही योजना ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली ते डॉ. श्रीनिवास कुलकर्णी. त्यांचा जन्म १९५६ चा, कुरुंदवाडचा. पंचगंगेच्या काठचं, नरसोबाच्या वाडीशेजारचं आपलं कुरुंदवाड. वाढले हुबळीत. जन्म एका राज्यातला, शाळा दुसऱ्या राज्यातली, आणि नजर कुठल्याच नकाशावर न मावणाऱ्या प्रदेशावर. १९८२ मध्ये सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारा पहिला स्पंदक तारा शोधणाऱ्यांत ते होते. २०२४ मध्ये त्यांना खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार मिळाला. आपल्या भागातल्या मुलांना हे नाव पाठ असायला हवं.

तर या पाहणीत मे २०२० मध्ये गरुड तारकासमूहात, १२ हजार प्रकाशवर्षांवर, एक तारा दहाएक दिवसांत शंभर पटीने उजळला आणि विझत गेला. किशलय डे या तरुण शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षं पडताळा घेऊन २०२३ मध्ये सांगितलं की या ताऱ्याने आपला ग्रह गिळला. तेव्हा समज असा झाला की तारा फुगला आणि ग्रहापर्यंत पोचला. पण २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीचे वेध आले आणि ही गोष्ट बदलली. तारा फारसा फुगलेलाच नव्हता. ग्रहच वर्षानुवर्षं आत घसरत गेला आणि एक दिवस ताऱ्याला टेकला. ताऱ्याने हात लांब केला नव्हता. भरतीच्या ओढीनेच काम केलं होतं.

याच्या उलटही उदाहरण आहे. ध्रुवमत्स्यातल्या एका ताऱ्याचा ग्रह कोरियाच्या शास्त्रज्ञांना २०१५ मध्ये सापडला. ताऱ्याला बैकडू आणि ग्रहाला हाल्ला ही त्यांच्याकडच्या डोंगरांची नावं मिळाली. ग्रहाची फेरी ९३ दिवसांची. २०२३ मध्ये कळलं की हा तारा गाभ्यात हेलियम जाळतो आहे. म्हणजे तो एकदा पुरता फुगून पुन्हा आकसलेला असणार. फुगला तेव्हा तो ग्रहाच्या आजच्या कक्षेच्या पलीकडे गेला असणार. मग ग्रह वाचला कसा? एक शक्यता अशी मांडली गेली की हा तारा मुळात दोन ताऱ्यांच्या मिलनातून झाला आणि त्यामुळे पुरता फुगलाच नाही. घर मोडायच्या वेळी दोन घरं एकत्र आली आणि पोर वाचलं, असं म्हणू या.

नरगुंदचे केतकर

कक्षा टिकण्याचा प्रश्न फक्त तारा आणि ग्रह यांच्यातला नसतो. भावाभावांतलाही असतो. एकाच ताऱ्याचे दोन जड ग्रह जवळजवळ फिरत असतील तर ते एकमेकांना खेचतात आणि लाखो वर्षांत एखादा बाहेर फेकला जातो. तरी काही जोड्या टिकतात. कशा?

याचं उत्तर सांगण्याआधी तुम्हाला शंभर वर्षं मागे नेतो. व्यंकटेश बापूजी केतकर हे नाव जुन्या घरांतल्या पंचांगवाल्या मंडळींना माहीत असेल. १८५४ साली नरगुंदला जन्मलेले, शिक्षण खात्यात नोकरी केलेले, 'ज्योतिर्गणित'कार केतकर. गुरूचे तीन मोठे चंद्र एका तालात फिरतात. पहिल्याच्या चार फेऱ्या होतात तोवर दुसऱ्याच्या दोन आणि तिसऱ्याची एक. फ्रेंच गणिती लाप्लासने या तालाचं गणित मांडलं होतं. केतकरांनी ते घेतलं आणि विचारलं, असाच ताल युरेनस, नेपच्यून आणि त्यापलीकडे असेल का? १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिर्विद्या संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी आपलं गणित छापलं. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, त्यांची नावं ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्म्याचं अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट, फेरी २४२ वर्षांची.

१९३० मध्ये प्लूटो सापडला. अंतर ३९.५ पट, फेरी २४८ वर्षांची. त्याच वर्षी केतकर गेले.

आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा इथेच थांबतो आणि टाळ्या घेतो. मला पुढचं सांगायचं आहे. केतकरांचा विष्णू कधी सापडला नाही. युरेनस, नेपच्यून आणि ब्रह्मा यांच्यात त्यांनी जो ताल धरला होता तो तिथे नव्हता, प्लूटोचा नेपच्यूनशी ताल निघाला दोनास तीन. अंदाज जवळ लागला, पण कारण जसंच्या तसं नव्हतं. म्हणून केतकर लहान होत नाहीत. ग्रह एकमेकांच्या तालावर टिकून असतात हे सूत्र त्यांनी पकडलं होतं, आणि सूत्र खरंच आहे. प्लूटोची वाट नेपच्यूनच्या वाटेला छेद देते, तरी त्यांची कधी टक्कर होत नाही, कारण ताल असा आहे की एक जण चौकात येतो तेव्हा दुसरा दूर असतो.

आता मघाच्या प्रश्नाचं उत्तर. एचडी २००९६४ हा एक 'निवृत्त' तारा आहे. जॉन्सनच्या गटाला त्याचे दोन ग्रह सापडले. दोघे गुरूच्या तोलाचे आणि फारच जवळजवळ. एकाची फेरी सुमारे ६१४ दिवसांची, दुसऱ्याची सुमारे ८२५. गणित करणाऱ्यांनी पाहिलं की कक्षा थोडी इकडची तिकडे केली तरी हे घर मोडतं. टिकतं ते एकाच रीतीने. बाहेरच्याच्या तीन फेऱ्या होतात तोवर आतल्याच्या बरोबर चार. तीनास चार! केतकरांनी धरलेला ताल आपल्या सूर्यमालेत नव्हता, पण दोनशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर एका म्हाताऱ्या ताऱ्याच्या घरात असा एक ताल नांदतो आहे.

रोहिणीचा ग्रह

ब्रह्मा-विष्णूंची गोष्ट आजही घडते आहे. २०१५ मध्ये जाहीर झालं की आपल्या रोहिणीला ग्रह आहे. फेरी ६२९ दिवसांची. वेध काही वर्षा-दोन वर्षांचे नव्हते, १९८० च्या दशकापासूनचे होते. मी तेव्हा गावच्या वाचनालयात मुलांना हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. आज्जाची रोहिणी, तिला घरदार आहे! फळ्यावर चित्र काढलं.

२०१९ मध्ये दुसऱ्या वेधांसह तपासणी झाली आणि शंका उभी राहिली. ग्रह असेल तर ताल बदलता कामा नये. हा ताल मधेच घसरत होता. त्याआधी २०१८ मध्ये कालेयातल्याच गॅमा ड्रेकोनिस या ताऱ्याबाबत तसंच झालं होतं. आठेक वर्षं ७०२ दिवसांचा ठोका नियमित दिसला, २०११ नंतर तो नाहीसा झाला, आणि पुढे परत आला तो पाय चुकलेल्या टाळकऱ्यासारखा. फुगलेल्या ताऱ्याच्या अंगालाच लहरी असतात, डाग असतात, त्याचं स्वतःभोवती फिरणंही शेकडो दिवसांचं असतं. त्यातलंच काहीतरी ग्रहाचं सोंग घेऊन येतं. खुद्द पुनर्वसूच्या ग्रहाबाबतही त्याच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रश्न विचारलेला आहे.

मी पुन्हा वाचनालयात गेलो. मुलांना म्हटलं, "बाळांनो, मी सांगितलेला तो ग्रह बहुधा नाही." एका मुलीने विचारलं, "सर, मग आधी खोटं सांगितलं होतं का?" या प्रश्नाने मी हललो. मी म्हटलं, "नाही. तेव्हा जे मोजलं होतं ते सांगितलं होतं. आता जास्त मोजलं." गॅमा ड्रेकोनिसच्या ठोक्यावर शंका घेणाऱ्या निबंधावर पहिलं नाव ज्याचं होतं, त्याच शास्त्रज्ञाचं नाव रोहिणीचा ग्रह जाहीर करणाऱ्या निबंधावरही पहिलं होतं, हेही तिला सांगितलं. आपलं म्हणणं मागे घेणं ही आपल्या समाजात नामुष्की समजली जाते. आपण सीमेवरची माणसं, आपली मतं घट्ट, आणि घट्ट असावीत अशी परिस्थितीही आहे. पण घट्ट धरायचं ते मोजमाप. मत मोजमापाबरोबर हलू द्यावं.

आपलं काय होणार

आता शेवटचा प्रश्न, आपल्या घराचा. सूर्य फुगेल तेव्हा बुध आणि शुक्र जातील, यावर फारसा वाद नाही. पृथ्वी काठावर आहे. २००८ मध्ये श्रोडर आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला. सूर्य आजच्या २५६ पट फुगेल, तोवर आपलं एक तृतीयांश वजन गमावून बसेल. वजन घटल्यामुळे पृथ्वी दूर सरकू लागेल, पण भरतीची ओढ तिला परत खेचेल आणि ती सूर्यात जाईल. साडेसात अब्ज वर्षांनी. उलट २०२४ मध्ये सुमारे चार हजार प्रकाशवर्षांवरच्या एका विझलेल्या श्वेत बटूभोवती पृथ्वीच्या दुप्पट वजनाचा एक ग्रह ओळखला गेला. सूर्य-पृथ्वी अंतराच्या दुप्पट अंतरावर तो फिरतो आहे. कदाचित तो आधी पृथ्वीएवढ्याच अंतरावर होता आणि तारा हलका होत गेला तसा बाहेर सरकून वाचला. तेव्हा आशा अगदीच संपलेली नाही. अर्थात सूर्य त्याआधीच, सुमारे अब्ज वर्षांत, इतका प्रखर होईल की पृथ्वीवर पाणी राहणार नाही. त्यामुळे घाईने जमिनी विकायचं कारण नाही.

त्याआधीही घर अगदी पक्कं आहे असं नाही. २००९ मध्ये फ्रान्सच्या लास्कार आणि गास्तिन्यू यांनी संगणकावर सूर्यमाला २,५०१ वेळा पाच अब्ज वर्षं पुढे चालवली. दर वेळी सुरुवातीला बुधाची कक्षा मिलिमीटरपेक्षाही कमी फरकाने बदलली. शंभरात एका खेपेला बुध बेभान झाला. एवढ्याशा फरकाने घर टिकतं किंवा मोडतं.

श्रोतेहो, या साऱ्या गणितातली एक गोष्ट मला म्हातारपणी फार जवळची वाटते. तारा आपलं वजन कसं सोडतो, यावर घराचं भवितव्य ठरतं. वजन हळूहळू सोडलं, कोट्यवधी वर्षांत, तर ग्रह दूर जातात पण सुटत नाहीत. कक्षा मोठी होते, वर्ष मोठं होतं, फेरी मात्र त्याच ताऱ्याभोवती राहते. पण ताऱ्याने अर्ध्याहून जास्त वजन एका झटक्यात टाकलं, तर वर्तुळात फिरणारे ग्रह क्षणात मोकळे होतात आणि अंधारात निघून जातात. घटलेलं वजन तेवढंच असतं. फरक असतो तो किती सावकाश घटवलं याचा.

आपली घरं इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर. मुलं पुण्याला गेली, बेंगळुरूला गेली, काही समुद्रापार गेली. आपला हात हळूहळू सैल होतो आहे. सणाला येतात, मग वर्षाआड येतात, फेरी मोठी होत जाते. मला पूर्वी याचं वाईट वाटायचं. आता मी स्वतःला सांगतो, कक्षा रुंदावली म्हणजे नातं तुटलं असं नाही. आपण भरतीसारखं ओढत राहिलो तर जवळचेच आधी होरपळतात. आणि झटक्यात सोडून दिलं तर कुणीच राहत नाही. सावकाश हलकं होत जाणं, हे त्या दोहोंतलं काम. ते ताऱ्यांनाही सोपं जात नाही. त्यांच्यातलीही काही घरं मोडतात, आणि विझलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशात फुटलेल्या घरदाराची धूळ आजही ओळखता येते. पण बरीच घरं टिकतात.

आज्जा गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज तुमच्यापुढे दिलं. त्यांच्या घरचं कोण बघतं, आज्जा? आता आम्ही बघतो. अबूच्या पहाडावरून, पालोमारवरून, आणि खळ्यावर उताणं पडूनही.

बाहेर थंडी आहे, कानाला मफलर गुंडाळा. पण घरी जाताना मिनिटभर थांबा, रोहिणी आणि पुनर्वसू वर आलेले असतील. नातवंडं बरोबर असतील तर त्यांना बोटाने दाखवा. त्यांनी काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर तसं सांगा. पुढची मोजमापं त्यांना करायची आहेत.